सुकटीचा डबा आणि कोरियन वाडगा

वाचकहो, आमची लेखणी बहुधा अभ्यासिकेविषयी, नाही तर कंत्राटी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीविषयी चालते. आज मात्र आम्ही एका स्वयंपाकाविषयी लिहिणार आहोत. गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्या घरी कोरियन पद्धतीच्या नूडल्स झाल्या. गरम रस्सा, त्यात गव्हाच्या लांब शेवया आणि वर भाजलेली कोळंबी. 'कारकुनाच्या घरात हे चोचले कशाला?' असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो होतो. परंतु त्या वाडग्यापायी आम्हाला आमची एक जुनी चूक कबूल करावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या डिप्लोमा करून चाकणला एका कोरियन कंपनीत शिकाऊ म्हणून लागली आहे. तेथे मोटारींचे सुटे भाग बनतात. आमच्या वडिलांच्या काळी 'कंपनी' म्हटले की पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को आणि आकुर्डीची बजाज हीच नावे निघत. आता चाकणला जर्मनीची फोक्सवॅगन आहे, जपानची ब्रिजस्टोन आहे. रांजणगावला कोरियाची एलजी आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला आणि २०२३ साली कोरियाच्याच ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. कंपन्यांबरोबर त्यांची माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांचे जेवण आले. कांद्याच्या बाजारासाठी नाव असलेल्या चाकणात आता परदेशची माणसे पिशवी घेऊन कांद्याची पात निवडताना दिसतात.

कन्येच्या कंपनीत परदेशी अधिकाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक होतो. एके दिवशी तेथील एका वयस्कर अधिकाऱ्याने शिकाऊ मुलामुलींना आपल्या टेबलावर बोलावले आणि आपल्या देशाच्या शेवया खाऊ घातल्या. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने चपला काढल्या आणि दारातूनच सांगितले, "पप्पा, वाडगा तोंडाजवळ नेला आणि मला आजीच्या डब्याचा वास आला."

आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो, ते खाली ठेवले. आमची आई आत लसूण सोलत बसली होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

आता या डब्याविषयी सांगणे भाग आहे.

आमचे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर बार्शीकडून पिंपरीला आले. भोसरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी हंगामी म्हणून काम धरले. आमचा जन्म पत्र्याच्या खोलीतला. मटण महिन्यातून एकदा, तेही पगार झाला तर. एरवी आठवडी बाजारातून आणलेली पावशेर सुकट आणि चार-सहा सुके बोंबील हीच आमची चैन. आई शेगडीच्या निखाऱ्यावर बोंबील भाजायची, पाट्यावर लसूण-मिरची वाटायची, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ते आम्ही पाच जण खायचो. सुकट एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात असे. पावसाळ्यात भाजी महागली, कामावर खाडे पडले की तो डबा खाली यायचा. वडील म्हणायचे, "आपली बँक हीच."

आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा कळले की या बँकेचा वास येतो. मधल्या सुट्टीत आम्ही डबा उघडला की शेजारचा मुलगा उठून पलीकडच्या बाकावर जायचा. तोंडाने कोणी काही बोलत नसे. आम्ही आईला सांगितले, "मला नुसती चटणी-भाकरी दे." तिने का म्हणून विचारले नाही. कदाचित तिला ठाऊक असावे.

पुढे आम्ही बी.कॉम. झालो, हिशेब विभागात कारकून झालो, चळवळीत वावरू लागलो. २०१६ साली कर्ज काढून मोशीकडे एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आईला मोठा आनंद झाला होता. राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका रविवारी तिने गॅसवर जाळी ठेवून बोंबील भाजले. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला, 'कृपया इतर रहिवाशांच्या भावनांचा विचार करावा.' संध्याकाळी कमिटीचे एक गृहस्थ दाराशी आले. अतिशय सभ्य भाषेत बोलले. ते म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित माणसे आहात, तुम्हाला जास्त काय सांगायचे?"

आम्ही काय केले? आम्ही त्यांची माफी मागितली. दार लावले आणि आईला म्हणालो, "आई, इथं आता बोंबील भाजू नको." त्याच आठवड्यात जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही स्वाभिमान या विषयावर पाऊण तास बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

डबा माळ्यावर गेला. ताजी मासळी कधी केलीच तर जिन्याकडची खिडकी लावून आणि उदबत्ती पेटवून. आई महिन्यातून एकदा जुन्या वस्तीत मावशीकडे जाऊ लागली आणि जेवूनच परत येऊ लागली. ती तेथे काय जेवते हे आम्ही कधी विचारले नाही. कन्येला मात्र आठवत होते. लहानपणी आजी माळ्यावरून काही काढू लागली की ती डब्याला नाक लावायची.

तर कन्येने सांगितलेली हकीकत अशी. कोरियात 'जान्ची-गुक्सू' नावाचा पदार्थ आहे. जान्ची म्हणजे मेजवानी, गुक्सू म्हणजे शेवया. लग्नकार्यात हा पदार्थ वाढतात, कारण लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य अशी त्यांची समजूत आहे. याचा रस्सा सुक्या माशाचा. आपल्या मांदेलीच्या कुळातला लहानसा मासा असतो. तो सुकवून ठेवतात, डोके आणि पोट काढून कोरडाच परततात आणि समुद्री शेवाळाच्या पट्टीबरोबर पाण्यात उकळतात. पाणी गाळले की झाला रस्सा. जपानात हेच काम सुकवलेला बोनिटो नावाचा मासा करतो. त्याचे लाकडासारखे घट्ट तुकडे रंध्यावर किसून घेतात. ब्रह्मदेशात सकाळची न्याहारीच मोहिंगा नावाच्या माशाच्या रश्श्यातील शेवयांनी होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला ज्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ती रंगूनहून आलेली. दरवर्षी आम्ही तेथे जातो, परंतु ज्या देशातून ती मूर्ती आली तेथील माणसे काय खातात हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

यात शास्त्रही आहे. १९०८ साली टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट हे द्रव्य चवीचे मूळ म्हणून वेगळे काढले आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची ही चव. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुक्या बोनिटोमध्ये असेच दुसरे द्रव्य दाखवून दिले. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की चव कैक पटींनी वाढते असे पुढे सिद्ध झाले. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असते. आमची आई सुकटीत नेहमी एक टोमॅटो चिरून टाकते. "त्यानं चव येती" एवढेच तिचे शास्त्र.

शेवयाही काही परक्या नव्हेत. कोकणात तांदळाच्या उकडीच्या शेवया पाडून नारळाच्या गोड रसात खातात, त्यांना शिरवाळे म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका एकत्र बसून गव्हाच्या शेवया करीत आणि बाजेवर धडप्यावर वाळवीत. आपल्याकडे शेवया बहुधा गोडाच्या झाल्या आणि सुकट भाकरीकडे गेली. त्यांची गाठ पडली नाही इतकेच. १९८३ साली मॅगी आपल्या देशात आली तेव्हा आपण त्यांना नूडल्स म्हणू लागलो.

कन्येने जाहीर केले की हा पदार्थ ती घरी करणार. आम्ही म्हणालो, "हॉटेलात एकदा जाऊन येऊ." चौकशी केली तर पुण्याच्या एका हॉटेलात असा एक वाडगा सहाशे रुपयांना. पाच माणसांचे तीन हजार. कारकुनाने वही मिटली. घरी करण्याचे ठरले.

शनिवारी पिंपरी कॅम्पातून अर्धा किलो मध्यम कोळंबी आणली. सुकट आणायला आई स्वतः आली. कितीतरी वर्षांनी ती सुक्या मासळीच्या पाटीसमोर बसली होती. मूठभर सुकट तिने तळहातावर घेतली, दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि तिसऱ्या पाटीवरची पसंत केली. आमच्या भगिनींसाठी तिची परीक्षा येथे देतो. सुकट हाताला कोरडी लागावी, मुठीत कुरकुरावी, रंग फिका गुलाबी असावा. ओलसर लागली, पिवळट दिसली किंवा नाकात झोंबणारा वास आला तर घेऊ नये.

रविवारी सकाळी स्वयंपाक सुरू झाला. पहिला प्रयत्न फसला. कन्येने सुकट सरळ पाण्यात टाकून उकळली. वर सोया सॉसही घातला आणि मीठही. रस्सा चाखला तर दाताखाली रेती आणि जिभेवर समुद्र! आई दाराशी उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"आगं, जवळा आधी चाळायचा असतो. रेती खायची हाय का? सर बाजूला."

मग दुसरा प्रयत्न आजी आणि नात मिळून झाला, तो असा. दोन मुठी सुकट चाळणीत घोळून रेती-कचरा काढला. कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतली. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला की उतरवली. दोन कांदे सालीसकट गॅसवर काळे होईतो भाजले. कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, धुऊन बाजूला ठेवली. तिची डोकी आणि टरफले टाकून दिली नाहीत. थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतून घेतली. मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी, त्यात सुकट, टरफले, भाजलेले कांदे, एक टोमॅटो, आल्याचा तुकडा, सहा-सात लसूण पाकळ्या, चार मिरे. वीस-पंचवीस मिनिटे मंद उकळले आणि पातळ फडक्यातून गाळले. समुद्री शेवाळ आमच्याकडे नव्हते, त्याची उणीव टोमॅटोने भरून काढली. दोन चमचे सोया सॉस घातला आणि मीठ अगदी शेवटी, चाखून.

कोळंबीला वाटलेले आले-लसूण, लाल तिखट, चमचाभर सोया सॉस आणि सुपारीएवढा गूळ चोळून पंधरा मिनिटे ठेवले. लिंबू आधी पिळू नये, कोळंबी निबर होते. लोखंडी तवा चांगला तापवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे भाजली. कोळंबी गुलाबी होऊन अर्धचंद्रासारखी वळली की उतरवावी. पूर्ण कडे झाले म्हणजे जास्त झाली. ज्यांना कोळंबीने अंगावर पित्त उठते त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ही सुकटही कोळंबीच्याच जातीची, म्हणून हा रस्साही घेऊ नये.

शेवया भरपूर उकळत्या पाण्यात शिजवून लगेच थंड पाण्यातून काढल्या, म्हणजे चिकटत नाहीत. वाडग्यात शेवया, त्यावर उकळता रस्सा, उभे चिरलेले गाजर, पालकाची पाने, कांद्याची पात, अर्धे उकडलेले अंडे आणि भाजलेली कोळंबी.

एवढे झाल्यावर आई म्हणाली, "कमी हाय कायतरी." आणि तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली. त्यात चार सुके बोंबील होते. शनिवारी आमची नजर चुकवून तिने ते घेतले होते. ती आमच्याकडे पाहत नव्हती. नातीला विचारत होती, "भाजू का ग?"

नातीने आमच्याकडे पाहिले. आमच्या सहचारिणीनेही पाहिले.

आम्ही गॅसवर जाळी ठेवली. बोंबील आम्हीच भाजले. आई बाजूला बसून सांगत होती, "परत. जळंल. आता काढ." भाजलेले बोंबील तिने हाताने कुस्करले आणि प्रत्येक वाडग्यावर चिमूटभर टाकले. जपानी लोक बोनिटोचा कीस असाच वर भुरभुरतात हे कन्येने तिला सांगितले. आई म्हणाली, "मग त्यांलाबी कळतं की."

वास अर्थातच घरभर झाला. आई सवयीने उठली आणि जिन्याकडची खिडकी लावायला निघाली. आम्ही म्हणालो, "आई, राहू दे उघडी." ती वळली. आम्हाला पुढचे बोलणे जमेना. सभेत माईक हातात आला की शब्द आपोआप येतात, घरात येत नाहीत. तरी म्हणालो, "त्या वेळी मी चुकलो. माफी मी तुझी मागायला हवी होती, त्यांची नव्हे."

आईने खिडकीवरचा हात काढला. म्हणाली, "जेव आता. निवल."

पाच जण जेवलो. धाकट्या चिरंजिवाने दोनदा रस्सा मागून घेतला. आईने काटा-काड्या बाजूला ठेवल्या आणि हातानेच शेवया खाल्ल्या. शेवटी वाडगा तोंडाला लावून रस्सा प्याली. कन्या म्हणाली, "आजी, ते साहेबसुद्धा असाच वाडगा उचलून पितात."

आता कारकुनाचा हिशेब. कोळंबी २५० रुपये, शेवया ६०, सुकट ४०, भाजीपाला ५०, अंडी ३५. एकूण ४३५. माणशी ८७ रुपये. बोंबिलाचे पैसे आईने सांगितले नाहीत. या वहीत आणखी एक रकाना आहे, मजुरीचा. दोन बायका आणि एक मुलगी सकाळी आठपासून उभ्या होत्या. आम्ही चार बोंबील भाजले तेवढेच. बी.कॉम.ला आम्हाला परिव्यय लेखांकन शिकवले, त्यात मजुरी धरल्याशिवाय किंमत निघत नाही. घरच्या स्वयंपाकात मात्र आपण सारेच तो रकाना कोरा सोडतो. तेव्हा त्या दिवशी भांडी आम्ही घासली. हे सांगण्यात मोठेपणा नाही, रकाना थोडा भरला इतकेच.

बंधू-भगिनींनो, शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या माणसांचे जेवण लिहून ठेवले. ते २०२४ साली इंग्रजीतही आले. आपले अन्न आता छापील पानावर आले आहे. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ते अजून खिडकी लावून शिजत असेल तर दोष सर्वस्वी शेजाऱ्याचा नाही. शेजाऱ्याने सांगितले हे खरे, परंतु आईला गप्प बसवले ते आम्ही. कोरियाच्या साहेबाने वाडगा पुढे केला म्हणून आम्हाला आमचा डबा आठवला, याची आम्हाला थोडी लाजही वाटते. त्याने वाडगा पुढे केला नसता तर आईची सुकट वाईट ठरली असती काय?

पुढच्या खेपेला आई घरच्या गव्हाच्या शेवया करणार आहे. त्या बारीक असतात, उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिटातच शिजतात, त्यापुढे गिचका होतो, असे तिने आताच बजावले आहे. डबा माळ्यावरून खाली आला आहे. कन्येने तो घासून लख्ख केला आणि ओट्यावर तिखट-मिठाच्या डब्यांशेजारी ठेवला. आई त्यात दर आठवड्याला डोकावून पाहते, किती उरली ते.

सोसायटीच्या ग्रुपवर त्या रविवारी संदेश आला का? दोन दिवसांनी आम्ही पाहिले, आला होता. आम्ही उत्तर लिहिले : 'सदर वास आमच्या घरातील स्वयंपाकाचा होता. पुढील रविवारी पुन्हा येईल. आपण जेवायला यावे.' कमिटीचे गृहस्थ अद्याप आलेले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या एक वयस्कर बाई मात्र जिन्यात आईला भेटल्या आणि हळूच विचारून गेल्या, "बोंबील कुठून आणले हो?"